लंगोट खुंटीला टांगल्यावर : तिशीतल्या पुरुषाच्या शरीराचा इतिहास

(सोनारी, ता. परंडा, जि. धाराशिव इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



काळभैरवनाथाच्या गावात बोलायचं म्हणजे समोर दोन प्रकारचे श्रोते असणार हे आम्ही धरूनच आलो होतो. एक तुम्ही, आणि दुसरे ते वर पत्र्यावर बसलेले. माकडं भाषण ऐकायला आलेली नाहीत, कुणाच्या पिशवीत काय आहे ते बघायला आलीत. तेव्हा पिशव्या सांभाळा आणि आमच्याकडं लक्ष असू द्या.

आजचा विषय तसा घरगुती आहे. पुरुषानं तिशी ओलांडली की त्याच्या शरीराचं काय होतं? तुम्ही म्हणाल, हा विषय डॉक्टरांचा, इतिहासाच्या माणसांनी यात का पडावं? तर आमचं म्हणणं असं, की या प्रश्नाचं निम्मं उत्तर दवाखान्यात आहे आणि निम्मं आपल्या गावच्या तालमीत, खळ्यावर आणि अंगणात आहे. ते दुसरं निम्मं आज मांडायचं आहे.

सुरुवात एका मित्रापासून करतो. नाव सांगत नाही, पण माणूस खरा आहे, याच भागातला. विशीत तालमीत जायचा. यात्रेच्या फडात नारळाच्या कुस्तीपासून इनामाच्या कुस्तीपर्यंत खेळलेला. पंचविसाव्या वर्षी लग्न झालं, शेती होती, जोडीला दुकान टाकलं. छत्तिसाव्या वर्षी शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात सगळ्यांबरोबर रांगेत उभा राहिला. तिथल्या मुलीनं दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, परत बांधला, परत बघितला आणि म्हणाली, "दादा, तुमचं रक्त आज घेता येणार नाही." बीपी होतं १७० आणि ११०. आमचा मित्र चिडला. म्हणाला, "मला काय झालंय? पैलवान माणूस आहे मी."

मंडळी, "आहे" म्हणाला तो. "होतो" नाही म्हणाला. अकरा वर्षांत त्यानं एक जोर मारला नव्हता. मग त्याची पैलवानकी नेमकी कोणत्या दिवशी संपली? आणि ती संपली हे त्याला कुणी सांगितलं का नाही? हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बरंच मागं जातं.

मेहनत हा एकच शब्द

आधी शब्दांकडं बघू. आपली तालीम म्हटली की समोर येतो मारुतीचा कोनाडा, शेंदूर, लाल मातीचा हौदा. पण तिथले शब्द बघा. 'तालीम' हा मुळात अरबी शब्द, अर्थ शिकवण. 'वस्ताद' म्हणजे उस्ताद. 'पैलवान' फारसी, 'जोर' फारसी. आणि कोनाड्यात मारुती. आपल्या मुलखात बहामनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल, मराठे, निजाम असे सगळे येऊन गेले, त्यांची मिसळण तालमीच्या मातीत जशीच्या तशी राहिली आहे.

त्यातला एक शब्द आज आपल्याला फार उपयोगी आहे, तो म्हणजे 'मेहनत'. तालमीतला पोरगा जोर-बैठका काढतो, त्याला म्हणतात मेहनत करतोय. आणि शेतात गडी दिवसभर राबतो, त्यालाही म्हणतात मेहनत करतोय. दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द. एक मेहनत स्वतःच्या शरीरासाठी, दुसरी पोटासाठी. पुरुषाचं आयुष्य या दोन मेहनतींत वाटलेलं होतं. विशीपर्यंत पहिली, लग्नानंतर दुसरी. हे वाटप कसं झालं ते बघू.

राजाचे मल्ल

आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेला, उमरग्याच्या पलीकडं, बसवकल्याण आहे. ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. बाराव्या शतकात तिथं तिसरा सोमेश्वर राजा होता. त्याच्या नावावर 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, राजाच्या करमणुकीपासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आलं आहे. त्यात एक प्रकरण मल्लविनोदाचं, म्हणजे कुस्तीचं.

त्या काळी एका राजानं मल्लांचे वर्ग पाडून ठेवलेत. वय, अंगलट आणि ताकद बघून. त्यांनी व्यायाम काय करावा, खावं काय, हेही आहे. डाळी, मांस, दूध, साखर, उत्तम मिठाया, हे राजानं पुरवायचं. म्हणजे आपण ज्याला खुराक म्हणतो तो. आणि एक अट आहे. राजवाड्यातल्या बायकांपासून या मल्लांना लांब ठेवायचं, त्यांचं चित्त शरीर कमावण्यातच राहिलं पाहिजे.

ही अट लक्षात ठेवा. सातआठशे वर्षांनंतरही गावच्या तालमीत तीच चालू होती. तालमीचं दैवत मारुती, आणि मारुती ब्रह्मचारी. ताकद आहे ती ब्रह्मचर्यात, ही तालमीची पक्की समजूत. या समजुतीनं अनेक पिढ्यांच्या पोरांना व्यसनांपासून लांब ठेवलं, पहाटे उठायला लावलं, यात शंकाच नाही. पण त्याच समजुतीची दुसरी बाजू कुणी बघितली नाही. ताकद ब्रह्मचर्यात असेल, तर लग्न झालेल्या माणसाचं तालमीत काम काय? त्यानं लंगोट खुंटीला टांगायचा.

आपण सहज म्हणतो, "लग्न झालं, संसाराला लागला, आता कुठून जमायचं." आपल्याला वाटतं वेळ नाही म्हणून सुटलं. आमचं म्हणणं, वेळ हे वरचं कारण. खालचं कारण असं, की आपल्या परंपरेत व्यायाम ही अविवाहित पोराची गोष्ट मानली गेली. तिशीतल्या बाप्यानं लंगोट लावला तर लोक हसायचे. आजही हसतात.

निजामाच्या राज्यातली तालीम

आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्यात सभा घ्यायची तर परवानगी, खासगी शाळा काढायची तर परवानगी, आखाडा काढायचा तर परवानगी. आखाड्याला परवानगी का लागावी? कारण चार पोरं एका ठिकाणी रोज जमतात, एकमेकांवर भरवसा ठेवायला शिकतात, याची सरकारला धास्ती. आर्य समाजानं आखाडे चालवले ते याच काळात, आणि १९३८-३९ चा सत्याग्रह झाला तोही याच वातावरणात.

म्हणजे तालमीला इथं आणखी एक काम मिळालं. ती गावाच्या रक्षणाची जागा झाली. पण पुन्हा कुणाची? तरण्या पोरांची. जो लग्नाचा, लेकरांचा, त्यानं मागं राहायचं. तालीम म्हणजे विशीचं ठिकाण, हा शिक्का आणखी घट्ट झाला.

याला एक अपवाद होता, आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर आहे. वस्ताद. वस्ताद लग्नाचा असायचा, लेकरांचा असायचा, चाळिशीचा, पन्नाशीचा असायचा, आणि तरी रोज पहाटे हौद्यावर हजर असायचा. त्याला कुणी हसत नव्हतं, कारण त्याच्याकडं काम होतं, शिकवण्याचं. आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. हरिश्चंद्र बिराजदार, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी तो मुलूख उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक, पुढं रुस्तुम-ए-हिंद. कुस्ती थांबल्यावर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले आणि मल्ल घडवत राहिले. लढणं थांबलं, हौदा सुटला नाही. पण एका तालमीत वस्ताद किती? एक. बाकीचे पन्नास कुठं गेले? ते दुसऱ्या मेहनतीला लागले.

दुसरी मेहनत

परंड्याच्या किल्ल्यावर तुम्ही शंभरदा गेला असाल. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ एकेकाळी परंड्यात होती. १५४९ ला अहमदनगरला ओतली, पुढं परंड्याला आली, १६३२ ला विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन. ती ओढून न्यायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. तोफेचं नाव इतिहासात राहिलं. ती शेकडो माणसं कोण? तीच, लंगोट खुंटीला टांगलेली. कुणबी, गडी, ओझं वाहणारे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर जायचे, पावसाळ्याआधी पेरणीला परत यायचे.

या माणसाला व्यायामाची गरजच नव्हती. मोट हाकायची, नांगरट करायची, खळ्यावर मळणी, डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या, बाजाराला पायी जाणं. तिशीतल्या पुरुषाचं शरीर शेतानं धरून ठेवलं होतं. पण म्हणून ते दिवस सोन्याचे होते असं समजू नका. १९७२ च्या दुष्काळात आपल्याच आजोबांनी, आज्यांनी रस्त्यावर खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली. खायला सुकडी आणि बाहेरून आलेला मिलो. त्यातूनच पुढं रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. काम होतं, मेहनत होती, पण पोटात पुरेसं नव्हतं. ती तंदुरुस्ती नव्हती, ती झीज होती.

आजही आपल्या भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जोड्या जातात. तिशीतला कोयता घेतलेला माणूस पहाटेपासून वाकून ऊस तोडतो, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची शिडी चढतो, आणि त्याची बायकोही तेवढंच करते. या माणसाला कुणी "व्यायाम करा" म्हणून सांगायला गेलं तर त्यानं त्याला हाकलून द्यावं. त्याला विश्रांती पाहिजे, कंबरेवर इलाज पाहिजे, पोटभर डाळ-अंडी पाहिजेत. तिशीचा पुरुष म्हणून सगळ्यांना एकाच मापानं मोजता येत नाही, एवढं आधी सांगून ठेवतो.

पण बाकीच्यांचं काय झालं? मोटेच्या जागी मोटार आली. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. मळणीला यंत्र आलं, मातीला जेसीबी आला. बाजाराला मोटारसायकल आली. यात वाईट काही नाही, आपल्या आजोबांची कंबर मोडत होती ती वाचली. पण एक गोष्ट घडली. लग्नानंतर पुरुषाचं शरीर धरून ठेवणारी दुसरी मेहनत निघून गेली. पहिली तर लग्नातच सुटली होती. आता तिशीतला पुरुष दोन्हींच्या मधल्या जागेत उभा आहे, आणि त्या जागेला आपल्या परंपरेत नावच नाही.

खुराक मात्र राहिला

एक गोष्ट सुटली नाही, ती म्हणजे खाणं. पैलवानाचा खुराक हा मेहनतीच्या मापाचा होता. दूध, तूप, बदामाची थंडाई. मेहनत थांबली, पण जिभेला आणि पोटाला माप तेच राहिलं. "खात्यापित्या घरचा" म्हणत आपण सुटलेल्या पोटाचं कौतुकही करतो.

वर चहा. आपल्याकडं कुणाकडंही जा, चहा झालाच पाहिजे. दिवसाला आठ चहा म्हणजे आपल्या भागात फार नाहीत. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर ८० ग्रॅम साखर, म्हणजे ३२० कॅलरी. तेवढ्या खर्च करायला तासाभराहून जास्त भरभर चालावं लागेल. आपण चालतो का?

इथं एक समजूत काढून टाकू. सगळे म्हणतात, तिशी आली की शरीराची भट्टी मंदावते, त्याला आपण काय करणार. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. २९ देशांतली ६,४०० हून जास्त माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. शरीराच्या आकारमानाचा हिशोब धरल्यावर त्यांना दिसलं, की वीस ते साठ या वयात शरीराचा ऊर्जेचा खर्च जवळजवळ सारखाच राहतो. उतार लागतो तो साठीनंतर. म्हणजे भट्टी तीच आहे. हालचाल कमी झाली, स्नायू झिजले, लाकडं मात्र तेवढीच घालतोय.

दुसरी गोष्ट आपल्या पुण्याची. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बाया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण त्यांच्या अंगात स्नायू जितके कमी, तितकी चरबी कमी नव्हती. याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला, शेजारी डॉ. युडकिन हे इंग्रज सहकारी. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रजाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ.

इतिहासाच्या माणसांना ही गोष्ट फार बोलकी वाटते. आईच्या पोटात बाळाला कमी मिळालं, तर शरीर पुढच्या टंचाईसाठी तयारी करतं, असं या विषयातले बरेच शास्त्रज्ञ मानतात. दुष्काळी मुलखातल्या आपल्यासारख्यांनी याचा विचार करावा. टंचाईसाठी घडलेलं शरीर, आणि समोर आठ चहा, वडापाव आणि मोटारसायकल. म्हणून "मी कुठं जाडा आहे" या म्हणण्याला अर्थ नाही. वजनकाट्यापेक्षा कंबर मोजा. शिंप्याची टेप घ्या, बेंबीच्या रेषेत धरा, श्वास सोडून मोजा, पोट आत ओढून फसवू नका. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर ही रेघ आहे.

देशाचा आकडाही ऐकून ठेवा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आला आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर. मोठ्या माणसांतल्या ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. आमच्या मित्राचं ते १७० आणि ११० काही आकाशातून पडलेलं नव्हतं.

अंगणातला राजा

आता उपाय. तोही इतिहासातच आहे, फक्त आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो. आपण तालमीकडं बघतो, आणि तालीम विशीची. तिशीची गोष्ट शोधायला आपण थोडं लांब, सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊ.

औंध हे छोटं संस्थान. तिथले भवानराव पंतप्रतिनिधी १८६८ साली जन्मले. १८९७ ला, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी युजेन सँडो या युरोपातल्या प्रसिद्ध मल्लाचं पुस्तक आणि व्यायामाची साधनं मागवली. सँडो त्यांच्याहून एकाच वर्षानं मोठा, आजच्या शरीरसौष्ठवाचा जनक म्हणतात त्याला. भवानरावांनी त्याच्या पद्धतीनं दहा वर्षं नेमानं व्यायाम केला. म्हणजे या गृहस्थाची अख्खी तिशी डंबेल्सवर गेली. आजचा जिमला जाणारा तरुण आणि हा राजा यांच्यात सव्वाशे वर्षांचं अंतर आहे, पण गोष्ट एकच.

मग १९०८ च्या सुमाराला, चाळिशीत, मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडं वळले आणि आयुष्यभर तिथंच राहिले. त्यांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिलं, १९३८ ला त्यांचं इंग्रजी पुस्तक परदेशातल्या वाचकांपर्यंत गेलं. १९५१ ला ते वारले तेव्हा वय ८२ होतं. सँडो ५८ व्या वर्षीच गेला. आता यावरून नमस्कार चांगले आणि डंबेल्स वाईट असं आम्ही म्हणत नाही. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही.

आमचा मुद्दा दुसरा आहे. भवानराव लग्नाचे, लेकराबाळांचे गृहस्थ होते. त्यांनी व्यायाम तालमीतून काढला आणि घरात आणला. हौदा नको, जोडीदार नको, लंगोट नको, ब्रह्मचर्याची अट नको. अंगणात एक सतरंजी पुरे. आणि बायको, मुलं, मुली, सगळ्यांनी मिळून करायचं. आपल्या महाराष्ट्रात शरीराच्या दोन परंपरा आहेत असं आम्हाला दिसतं. एक तालमीची, ब्रह्मचाऱ्याची. दुसरी अंगणाची, गृहस्थाची. पहिलीचा आपण अभिमान बाळगतो, फोटो लावतो, फेटे बांधतो. दुसरी आपण शाळेतल्या पीटीच्या तासाला सोडून दिली. तिशीतल्या पुरुषाला गरज आहे ती दुसरीची.

मग करायचं काय

शेवटाकडं येतो. तीनच गोष्टी.

पहिली, अंगण. आरोग्याचा आजचा जागतिक सल्ला आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम असा आहे. म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटं. पहाटे भरभर चालणं, आणि दोन-तीन दिवस जोर, बैठका, नमस्कार. साधन काही लागत नाही. पण जुन्या पैलवानांना एक विनंती आहे. दहा वर्षांनी परत सुरू करताना पहिल्याच दिवशी शंभर जोर मारायला जाऊ नका. तुमचं मन पंचविशीचं असतं, स्नायू छत्तिशीचे. पाचापासून सुरू करा. आणि चालताना छातीत दडपलं, डाव्या हातात कळ आली, घाम फुटला, तर "गॅस झाला असेल" म्हणू नका, तिथंच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.

दुसरी, टेप आणि पट्टा. सरकारनंही तिशी हीच रेघ आखली आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी आणि साखर तपासायची, असा कार्यक्रम उपकेंद्रापर्यंत आहे. आशाताई एक फॉर्म भरून घेतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, हालचाल, घरच्यांचे आजार विचारतात. बाया भरून देतात. पुरुष म्हणतात, "मला काय झालंय?" मंडळी, ती ताई दारात येते ती तुमच्यासाठीच येते. तंबाखू मळत मळत तिला "नंतर या" म्हणू नका. आणि तो मळायचा हातही आता थांबवा, तालमीत वस्ताद तो चालवून घेत नव्हता.

तिसरी आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. तिशीतल्या माणसाला तालमीत परत यायला कारण द्या. वस्तादाला लोक हसत नव्हते, कारण त्याच्याकडं काम होतं. मग प्रत्येक जुन्या पैलवानाला काम द्या ना. गावातली दहा-बारा वर्षांची पोरं आणि पोरी सकाळी मोबाइल घेऊन बसतात. आपल्याच जिल्ह्याच्या सारिका काळे खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार घेऊन आल्या. पोरी खेळायला तयार आहेत, शिकवायला माणूस नाही. आठवड्यातून दोन सकाळी एका जुन्या पैलवानानं दहा लेकरांना घ्यावं. लेकरं पळतील, त्यांच्यामागं तोही पळेल. आणि लेकरं वाट बघत असतात म्हटल्यावर माणूस अंथरुणात पडून राहत नाही. घड्याळाच्या गजरानं जे होत नाही ते यानं होतं.

आमच्या मित्राचं काय झालं ते सांगून थांबतो. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, ती तो घेतो. गोळी घेणं कमीपणाचं नाही, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही, हेही त्याला पटलंय. चहा आठावरून तीनावर आणले. रोज सकाळी मुलीला घेऊन बांधापर्यंत चालत जातो, मग दोघंही अंगणात नमस्कार घालतात. ती त्याच्यापेक्षा जास्त घालते आणि मोजून दाखवते. परवा भेटला तेव्हा आम्ही मुद्दाम विचारलं, काय पैलवान? तर हसून म्हणाला, "पैलवान होतो. आता बाप आहे, अजून बरीच वर्षं राहायचंय."

एवढंच सांगायचं होतं. प्रश्न असतील तर विचारा, आम्ही इथंच आहोत. आणि जाताना पिशव्या बघा, माकडं खाली उतरलीत.